पहिला पैसा कशात घालावा: लंडनचं सचित्र साप्ताहिक की टिळकांच्या काळातला 'केसरी'?

ब्रिटिश काळातली वृत्तपत्रं जमवू लागलेल्या मराठी माणसाची निवड बहुधा या दोनांत अडकते. एकीकडे 1842 साली सुरू झालेलं, हिंदुस्थानची चित्रं छापणारं 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज', दुसरीकडे 1881 पासूनचा 'केसरी'. मोह दोन्हींचा होतो. सांभाळायला मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फरक मुळात कागदाचा. 1857 च्या सुमाराचा लंडनचा अंक बहुतांशी चिंध्यांच्या लगद्यावर छापलेला असतो. पान आजही वळतं, मोडत नाही. 1900 नंतरचा वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन (लाकडाचे तंतू जोडणारा घटक) हवेनं आणि उजेडानं पिवळं पडतं, तुरटीच्या प्रक्रियेमुळे आम्ल साचतं आणि कागद तपकिरी होऊन पापडासारखा तुटतो. पहिली जाते ती मधली घडी. म्हणून 'केसरी' घेताना मथळ्याआधी घडी बघा: अंक उघडून उजेडासमोर धरला की भेगा लगेच दिसतात. मागून सेलोटेप लावलेला असेल तर किंमत पाडूनच मागा. त्याचा डिंक कागदात मुरतो आणि डाग निघत नाही.

मिळण्याच्या बाबतीत लंडनचं पारडं जड. त्याचे सहामाही बांधीव खंड निघत, ते टिकले, आणि विक्रेते आता तेच फोडून सुटी पानं विकतात. रंगीत पान दाखवलं तर रंग बहुधा नंतर हातानं भरलेले असतात. त्याचे जादा पैसे देऊ नका. 1857 च्या उठावाची पानं हवी असतील तर जुलै ते डिसेंबरचा खंड मागा, कारण मेरठची 10 मेची बातमी लंडनला पोचायलाच सुमारे दीड महिना लागला.

'केसरी'चा सुटा, पुरा अंक दुर्मीळ. रद्दीत, वाड्यांच्या माळ्यावर, पुण्याच्या जुन्या बाजारात नशिबानं सापडतो. इथे नकलांचा धोका मोठा. टिळकांवर खटला ज्यांमुळे झाला ते 12 मे आणि 9 जून 1908 चे अंक कुणी समोर ठेवले, तर आधी पुनर्मुद्रण समजूनच तपासा. दहापट भिंग घ्या. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाटलेली दिसते आणि पानामागे बोट फिरवलं की दाब जाणवतो. ऑफसेटवर, म्हणजे आजच्या यंत्रछपाईत, कागद सपाट लागतो. जुन्या छापील प्रतीवरून काढलेल्या नकलेत मूळ डाग आणि भेगाही शाईनंच छापलेल्या दिसतात. वारही ताडून बघा: तेव्हाचा 'केसरी' मंगळवारचा, लंडनचा अंक शनिवारचा. ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि त्यावर 'रद्द' नसेल, तर तो चोरीचा असू शकतो; अंक कितीही चांगला असो, घेऊ नका.

ठेवण्याची पद्धत दोघांची सारखीच, पण 'केसरी'त हयगय चालत नाही. अंक उघडा करून आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये, आडवा, सपाट खोक्यात ठेवा. पॉलिएस्टरच्या पाकिटात घालायचा असेल तर मागे अल्कली मिसळलेला कागद हवाच. आम्ल आत कोंडलं तर ऱ्हास वाढतो. लॅमिनेशन कधीही नको. आर्द्रता 35 ते 50 टक्के लागते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती यंत्राशिवाय मिळत नाही. ओल टिकली की बुरशी आणि कसर दोन्ही येतात.

परदेशातल्या मराठी माणसानं एक लक्षात घ्यावं. 1972 च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक मोलाचा 75 वर्षांवरचा दस्तऐवज पुरावशेष ठरतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही. तिकडे राहणाऱ्यानं लंडनचंच साप्ताहिक तिथे घ्यावं.

इथे राहणाऱ्याला मात्र आमचा कौल 'केसरी'कडे, कोरडी जागा असेल तरच. लंडनचे अंक डिजिटल रूपात पूर्ण उपलब्ध आहेत, चित्रंही बहुधा हिंदुस्थानातून आलेल्या रेखाटनांवरून लंडनला कोरलेली. जाहिराती, धान्याचे भाव, गावोगावची पत्रं असलेला 'केसरी'चा साधा अंकही अभ्यासाला जास्त देतो, आणि गाजलेल्या तारखेच्या अंकापेक्षा स्वस्त पडतो. जागा ओलसर असेल तर 1870 च्या आधीचं लंडनचं एक सुटं पान घ्या आणि त्यावर हात बसवा.