१६ कॅमेऱ्यांचं सोसायटी पॅकेज : चोरीला बरं, हाणामारीला अपुरं

टीव्हीवर एखादा खून दोन दिवस गाजला की वाशी, कोपरखैरणे, घणसोलीतल्या सीसीटीव्हीवाल्यांकडे चौकश्या वाढतात. सोसायटीच्या सभेत ठराव होतो आणि दारात येतं ते ठरलेलं पॅकेज : २ मेगापिक्सेलचे १६ आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे, एनव्हीआर म्हणजे चित्रण साठवणारा रेकॉर्डर, ४ टीबीची हार्ड डिस्क, कॅमेऱ्यांना एकाच केबलमधून वीज आणि नेटवर्क देणारा पीओई स्विच, केबल आणि फिटिंग. ब्रँड बदलतो, यादी तीच. माल वाईट नाही, तो लावला जातो मात्र बातमीतल्या भीतीप्रमाणे.

साधारण मांडणी अशी असते : गेटवर तीन-चार, कंपाउंडच्या भिंतीवर पाच-सहा, उरलेले लॉबीत. म्हणजे सगळी नजर बाहेरून येणाऱ्या अनोळखी माणसावर. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) २०२२ च्या अहवालात देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे आहेत. त्यातले ९,९६२ भांडणतंट्यातून, ३,७६१ वैयक्तिक वैरातून आणि १,८८४ आर्थिक फायद्यासाठी झालेले. भिंतीवरून उडी मारून येणारा बातमीत मोठा दिसतो, या हिशेबात नाही. सोसायटीत डोकी भडकतात ती पार्किंगच्या पट्ट्यावरून, वरच्या मजल्याच्या गळतीवरून, थकलेल्या मेंटेनन्सवरून. तेव्हा भिंतीवरचे दोन कॅमेरे काढून एक स्टिल्ट (इमारतीखालच्या) पार्किंगच्या वळणावर आणि एक सोसायटी ऑफिसच्या दाराबाहेर लावून घ्या. दुकानदार याचे जादा पैसे मागत नाही, फक्त ते आधी सांगावं लागतं.

आता लेन्स. पॅकेजमध्ये सरसकट २.८ मिमी येते, कारण तिच्यात चित्र रुंद दिसतं आणि कमिटी खूश होते. अनोळखी माणूस ओळखता यायला चित्रात दिसणाऱ्या दर मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल लागतात. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात २.८ मिमी लेन्स असेल तर ते जेमतेम तीन मीटरपर्यंत मिळतात. त्यापलीकडे कुणीतरी आलं एवढंच कळतं. गेट आणि लिफ्टच्या दारासाठी ६ मिमी मागा, चेहरा सात मीटरपर्यंत धरतो.

हार्ड डिस्कचं गणित दुकानात कुणी करून दाखवत नाही. एच.२६५ या चित्रण दाबून साठवण्याच्या पद्धतीत एक कॅमेरा २ एमबीपीएसने दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो. १६ कॅमेऱ्यांचे झाले ३४५ जीबी, म्हणजे ४ टीबी अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. मारहाणीची तक्रार अनेकदा समेटाच्या बैठका फिसकटल्यावर होते, तोवर चित्रण गेलेलं असतं. महिनाभर हवं असेल तर १० टीबीच्या वर डिस्क घ्या.

केबलमध्ये मात्र सरळ फसवणूक चालते. कॅट-६ म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार खपवतात. दिवसा सगळं ठीक, रात्री कॅमेऱ्याचे आयआर (अंधारात बघण्याचे इन्फ्रारेड) दिवे लागले की लांबच्या केबलवर व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. तार सोलून ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. खाडीच्या खाऱ्या हवेत उघडे कनेक्टर हिरवे पडतात, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याखाली बंद जंक्शन बॉक्स हवाच. यूपीएसवर एनव्हीआर असतो, स्विच नसतो, मग वीज गेली की रेकॉर्डर चालू आणि कॅमेरे आंधळे. ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना एसटीक्यूसी या सरकारी चाचणी यंत्रणेची सुरक्षा चाचणी बंधनकारक आहे. स्वस्तात जुना साठा मिळत असेल तर मॉडेलचं प्रमाणपत्र मागा.

चित्रण कोर्टात टिकण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. भाग अ यंत्र सांभाळणाऱ्याने, भाग ब तज्ज्ञाने भरायचा, सोबत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक आकडा. एनव्हीआरचं घड्याळ दहा मिनिटं मागे असेल तर उलटतपासणीत तिथेच बोट ठेवलं जातं. एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सोय, चालू करून घ्या. फुकट आहे.

बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांना महिन्याभरात कॅमेरे लावायला सांगितलं. त्याच आदेशात कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समितीही होती, पण चर्चा झाली ती कॅमेऱ्यांची. सोसायट्यांचंही तेच. पॅकेजवर लाखाच्या घरात खर्च होतो आणि जिन्यातला बल्ब सहा महिने गेलेला असतो.

बंद दारामागच्या मारहाणीपुढे तर हे पॅकेज शून्य आहे, आणि तिथे कॅमेरा जाऊही नये. त्यासाठी कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चं कलम ४ आहे : शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही. आरडाओरडा चालू असताना ११२, नंतरच्या मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१. हे दोन आकडे लिफ्टमध्ये लावायला एक कागद पुरतो.

पॅकेजला गुण पाचपैकी तीन. लेन्स, डिस्क आणि केबल बदलून घेतलीत तर चार. शेवटचा हप्ता मात्र रात्री अकरानंतर सगळे कॅमेरे बघूनच द्या आणि त्याच फेरीत वॉचमनच्या केबिनमधल्या फोनवरून बाहेर कॉल लागतो का तेही बघा. नुसता इंटरकॉम असेल तर त्यावरून ११२ लागणार नाही.