गावठी, वनराज की ग्रामप्रिया? मुरबाडच्या परसात एक पावसाळा काढल्यावर

निकाल आधीच सांगतो. या तिन्ही कोंबड्यांच्या जाती. घरच्या अंड्यांसाठी ग्रामप्रिया घ्या, कोंबडे वाढवून विकायचे असतील तर वनराज. आणि यातलं काहीही घेतलं तरी दोन-तीन गावठी माद्या सोबत हव्यातच. भातखाचरांना लागून असलेल्या मोकळ्या परसात तिन्ही एकत्र सांभाळून झालेलं हे मत आहे.

गावठी मादी वर्षाला 50-60 अंडी देते. 12-15 अंडी झाली की ती खुडूक होते, 21 दिवस रवणीवर (अंडी उबवायला) बसते, मग दोन-अडीच महिने पिल्लं फिरवते. वर्षात अशा तीन-चार फेऱ्या होतात, जास्त अंडी येणार कुठून? वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत तयार झालेल्या जाती. त्या सहसा खुडूक होत नाहीत. परसात वर्षाला वनराज 100-110, तर ग्रामप्रिया 160-180 अंड्यांपर्यंत जाते.

पण हे आकडे खाद्यावर उभे आहेत. भात कापल्यावर कोंबड्या खाचरातच पोट भरतात, संध्याकाळी दर कोंबडीला 40-50 ग्रॅम कणी-मक्याचं मिश्रण पुरतं. आषाढात झड लागली की त्या खुराड्याबाहेर पडत नाहीत. तेव्हा ग्रामप्रियाला रोज 100 ग्रॅमच्या आसपास लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) आणि शिंपल्याची भुकटी मिळाली नाही, तर कवच पातळ होतं आणि अंडी घटतात. वनराजचं उलटं: टाकाल तेवढं खाते, पोटात चरबी साठते आणि अंडी थांबतात. तिच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. मका आणि कोंडा पंधरा दिवसांपुरताच भरा, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त त्रास खुराड्यात अंथरलेल्या ओल्या तुसाचा. मूठभर तूस दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर तूस ओलं आहे, लगेच काढा. भुगा झाला तर ठीक. ओल्या तुसात 3 ते 6 आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. पंख पाडून कोपऱ्यात बसलेलं पिल्लू आणि लालसर विष्ठा दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून पाण्यातून अँप्रोलियम हे औषध सुरू करा. उद्यावर ढकललं तर पिल्लं हातची जातात.

वनराज-ग्रामप्रियाची सुधारित पिल्लं आईविना येतात. दर पिल्लामागे 2 वॅट बल्ब, पहिल्या आठवड्यात 35 अंश, पुढे दर आठवड्याला 2-3 अंश कमी. बल्बखाली गर्दी करत असतील तर थंडी वाजतेय, कडेला चोच उघडून बसली असतील तर उकडतंय. रात्री वीज गेली की मात्र सगळंच अवघड. म्हणून गावठी मादी लागते. आठ-दहा दिवस रवणीवर बसलेल्या खुडूक मादीखाली रात्री अंधारात एक दिवसाची 10-12 पिल्लं सरकवली, की सहसा ती आपलीच समजते. दिवसा दिलीत तर टोचून मारते. शिवाय घार दिसली की पिल्लांना हाक देणारी तीच.

गावठीला लस लागत नाही, ही थाप आहे. मानमोडी (राणीखेत रोग) आली तर गावठीचीही खुराडी रिकामी होतात. 5-7व्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, 14व्या दिवशी गंबोरो रोगाची, 28व्या दिवशी पुन्हा लासोटा, 6-7व्या आठवड्यात देवीची, 8व्या आठवड्यात आरटूबी (मानमोडीचीच दुसरी लस). लस बर्फाच्या थर्मासमधूनच आणा.

मुंगूस आणि कुत्र्यांपुढे वनराज मार खाते: अंगाने जड, उडता येत नाही. गावठी कोंबडी आंब्याच्या झाडावर चढून मोकळी. साधी कोंबडीजाळी कुत्री फाडतात, वेल्डमेश (जाड तारांची जोडलेली जाळी) लावा. कडकनाथचं गिऱ्हाईक आधी ठरलेलं नसेल तर त्या फंदात पडू नका.

बाजारात कुठलंही रंगीत पिल्लू गिरीराज या सुधारित जातीचं म्हणून खपवतात, तेव्हा हॅचरीची पावती मागा. ग्रामप्रियाची अंडी उबवून पुढची पिढी करू नका, तिच्यात आईचे गुण टिकत नाहीत. पिल्लं दर वेळी नवीनच आणावी लागतात, तो खर्च हिशोबात धरा.