गुडघ्यात पेशी लावून चौदा महिने झाले

रत्नागिरीजवळच्या पावस गावात आमची हापूसची कलमं आहेत. अडीच वर्षांपूर्वी ऐन पावसात जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो आणि उजवा गुडघा गेला. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या टोकावरच्या कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या गुळगुळीत अस्तराला, साधारण 3 चौरस सेंटिमीटरचा खड्डा दिसला. बाकी गुडघा शाबूत होता, म्हणून तर हा उपचार शक्य झाला.

त्याआधी एका ठिकाणी 'स्टेम सेल'च्या (मूळ पेशींच्या) नावाने महागडं इंजेक्शन घेतलं. गुडघा होता तसाच. रक्ताच्या आजारांवरचे मोजके उपचार सोडले तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेल मंजूर वैद्यकीय प्रयोगांपुरतेच वापरायचे असतात, हे मला फार उशिरा कळलं. कोणी खात्री देत असेल तर पैसे भरण्याआधी हे विचाराच.

मग मुंबईत स्वतःच्याच कूर्चापेशींची शस्त्रक्रिया केली. स्वीडनच्या डॉक्टरांनी 1994 मध्ये 23 रुग्णांचा अनुभव छापला, तेव्हापासून ही पद्धत जगाला माहीत झाली. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती आपोआप भरत नाही. आधी दुर्बिणीतून, भार न पडणाऱ्या जागेवरचे बारीक तुकडे काढले. पाच आठवडे प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या आणि मग गुडघा उघडून खड्ड्यात बसवल्या. आई म्हणाली, "म्हणजे भाताचा तरवा काढून लावणी केली रे." इतकं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं.

लावणीनंतरचे दिवस मात्र कठीण. सहा आठवडे पाय नुसता टेकवायचा, भार द्यायचा नाही. भाड्याने आणलेलं सीपीएम मशीन रोज सहा तास गुडघा हळूहळू वाकवायचं. अंगणातून पडवीत यायच्या पाच पायऱ्या मला तेव्हा डोंगर वाटायच्या. चौथ्या महिन्यात, ऐन आंब्याच्या हंगामात, दुखत नाही म्हणून भरलेला क्रेट उचलला. संध्याकाळी गुडघा टम्म सुजला. फिजिओथेरपिस्ट ताई चांगल्याच रागावल्या: "दुखणं थांबलंय, आतली कूर्चा अजून कोवळी आहे." दोन आठवडे पुन्हा कुबड्या.

आता बागेतला चढ न थांबता चढतो. परवा झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन दोन तास उभा होतो, रात्री शेकायची गरज पडली नाही. उकिडवं बसणं अजून जमत नाही, झाडावर चढणं मी सोडलंय.

काकूने तिच्यासाठी विचारलं. वय 67, दोन्ही गुडघे पूर्ण झिजलेले. तिला स्पष्ट सांगितलं, हा उपचार तुझ्यासाठी नाही. पुढच्या आठवड्यात तिला सांधेबदलाबद्दल विचारायला रत्नागिरीला नेतोय.