डी८५० वरून झेड८ वर : खो-खो, कबड्डीचा एक हंगाम काढल्यानंतर

निकॉनच्या आरशाच्या डी८५० कॅमेऱ्यावर हात बसलेल्या माणसाला बिनआरशाचा झेड८ घेतल्याघेतल्या जाणवते ती गायब झालेली खिट्टी. लेन्स माउंटशेजारी, डाव्या बोटांखाली एएफ-एमची, म्हणजे फोकस आपोआप की हाताने ते ठरवणारी, खिट्टी असायची आणि तिच्या मधोमध बटण. बटण जागेवर आहे, खिट्टी गेली. मॅन्युअल फोकस हवा तर लेन्सवरचा स्विच सरकवा, नाहीतर बटण दाबून मागची चकती फिरवा. याची सवय लगेच होते. अंगठ्याला नवं वळण लावायला मात्र मला अख्खा हंगाम लागला.

डी८५० मध्ये १५३ फोकस पॉइंट, तेही फ्रेमच्या मधल्या भागात. खेळाडू कुठे निघणार हे आधी हेरायचं, जॉयस्टिकने पॉइंट तिथे न्यायचा, ग्रुप एरियावर (शेजारचे काही पॉइंट मिळून फोकस) एएफ-ऑन हे मागचं फोकसचं बटण दाबून धरायचं. म्हणजे कॅमेऱ्याला आपण जागा सांगायचो. २०२३ साली आलेला झेड८ डोळे, चेहरा, धड स्वतःच शोधतो. आपलं काम उरतं ते एवढ्या माणसांतला कोण, हे सांगण्याचं.

खो-खोत नेमकं हेच कठीण. रांगेत आठ जण आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. त्यांतले निम्मे आपल्याकडे बघतायत, चेहरे स्थिर, स्वच्छ दिसणारे. पळणारा त्यांच्यामधून साखळी खेळत नागमोडी जातोय आणि अर्धा वेळ त्याची पाठच दिसते. अशा वेळी ऑटो एरिया, म्हणजे फ्रेमभर शोधून फोकस स्वतःच ठरवणारा मोड, बसलेल्याचा चेहरा उचलणार, यात नवल नाही. बक्षीस समारंभाला ऑटो एरिया उत्तम. खो-खोला तो लावूच नका.

बऱ्याच अदलाबदलीनंतर ठरलेली माझी मांडणी अशी : एएफ-ऑनवर वाइड एरिया सी१ (फोकसच्या चौकटीचं माप आपण ठरवतो तो मोड), चौकट अरुंद आणि उभी, एका धावत्या माणसाच्या मापाची. पुढच्या एफएन१ बटणावर थ्रीडी ट्रॅकिंग, धरलेल्या माणसाच्या मागे पॉइंट नेणारं. जॉयस्टिक आत दाबली की सिंगल पॉइंट, एकाच बिंदूवर फोकस. ही तिन्ही बटणं ‘एएफ एरिया मोड अधिक एएफ-ऑन’ या पर्यायावर ठेवली आहेत, म्हणजे मोड बदलतो आणि फोकसही त्याच दाबात सुरू होतो.

सिंगल पॉइंटमध्ये चेहरा ओळखण्याची सोय चालत नाही, आणि मला तीच गोष्ट हवी असते. खांबाला वळसा घालणारा खेळाडू बसलेल्या गड्याच्या आड जातो, फोकसची चौकट त्या गड्याच्या तोंडावर उडी मारते. त्या क्षणी अंगठा एएफ-ऑनवरून खाली जॉयस्टिकवर. खेळाडू बाहेर आला की परत वर. सेकंदाला २० रॉ फ्रेम चालू असतानाही व्ह्यूफाइंडर काळा होत नाही, त्यामुळे चौकट सरकलेली तिथल्या तिथे दिसते आणि फैरीच्या मध्येच सावरता येतं. डी८५० मध्ये दर फ्रेमला आरसा वर जायचा. एवढं बारीक बघायला उसंतच नव्हती. या एका गोष्टीसाठी मी हा कॅमेरा मनापासून आवडीने वापरतो.

कबड्डी त्या मानाने सोपी. चढाईपटू मध्यरेषा ओलांडत असताना छातीवर पॉइंट ठेवून एफएन१ दाबून धरायचं, थ्रीडी त्याला फ्रेमच्या कडेपर्यंत सोडत नाही. पकड होऊन अंगावर अंगं पडली की पुन्हा सिंगल पॉइंट.

बॅटरी जास्तीच्या बाळगाव्याच लागतात. सिपा या कॅमेरा उद्योगसंघटनेच्या मोजणीत एका चार्जवर डी८५० चे १८४० फोटो, झेड८ चे ३४० च्या आसपास. सलग फैरी झाडताना प्रत्यक्षात पुष्कळ जास्त निघतात, पण आरशाच्या कॅमेऱ्याची निश्चिंती नाही.

घेणार असाल तर हंगामाच्या तोंडावर घेऊ नका. डी८५० ची सेटिंग फाइल यात चढत नाही, सगळं हाताने बसवावं लागतं. एरिया मोडच्या यादीतले नको ते मोड आधी बंद करा, चकती फिरवताना मध्ये येत नाहीत. आणि जुनी बॉडी जोडीला ठेवणार असाल तर तिच्याही जॉयस्टिकवर सिंगल पॉइंटच लावा. डी८५० मध्ये ती सोय आहे, आणि एकाच सामन्यात दोन्ही कॅमेरे हाताळताना अंगठा अडखळत नाही.