लाकडी टेबलावर एपॉक्सीचे कोट : काही महिन्यांच्या वापरानंतर

एपॉक्सी (रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर मिसळून ओतायचा लेप) दिलेलं माझं लाकडी टेबल रोजच्या वापरात येऊन आता बरेच महिने झाले. कुठे पापुद्रा सुटलेला नाही, कडेला भेग नाही, पाणी सांडलं तर फडकं फिरवलं की झालं. याचं श्रेय मी रेझिनपेक्षा दोन कोटांमध्ये पाळलेल्या वेळेला देईन.

पहिला कोट अगदी पातळ, लाकडाची छिद्रं बुजतील इतकाच. तो टाळून थेट जाड थर ओतला, तर लाकडातली हवा वर येत राहते आणि हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) कितीही फिरवली तरी बुडबुडे संपत नाहीत. पुढचे कोटही 3 मिमीच्या आतच बरे. कोटिंगचं रेझिन जाड ओतलं की आतल्या आत तापतं, पिवळं पडतं, तडकतंसुद्धा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवायचा मोह मात्र आवरायचा; प्रमाण बिघडलं की थर कायमचा चिकट राहतो.

दुसरा कोट कधी? हातमोजा घातलेलं बोट टेकवायचं. चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला रेझिन यायला नको. बऱ्याच कोटिंग रेझिनमध्ये ही अवस्था 4 ते 6 तासांत येते, थंडीत उशिरा. तेव्हा ओतलेला थर खालच्या थराशी रासायनिकरीत्या एकजीव होतो, घासायची गरज उरत नाही. ती वेळ टळून थर कडक झाला, तर आधी पाण्याने पुसून घ्या. दमट हवेत हार्डनरमुळे वर मेणचट साय येते. न पुसता घासलं तर ती पृष्ठभागावर आणखी पसरते. मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, एकही चकाकणारा ठिपका उरत नाही तोपर्यंत थांबायचं नाही.

वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, हे मी कळकळीने सांगते. एपॉक्सीची ॲलर्जी वारंवारच्या स्पर्शाने जडते आणि एकदा जडली की सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे, मोकळी हवा, रसायनांच्या वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क. घासताना धुळीचा फिल्टरही. त्वचेला लागलं तर साबण-पाणी, थिनर कधीच नाही.

उणिवा आहेत. गरम भांड्याने डाग उठतो, खिडकीकडची बाजू किंचित पिवळसर झाली आहे. बारीक चरे तिरप्या उजेडात दिसतात. तिथे पॉलिश पेपर मारून आणखी एक पातळ कोट देणार आहे.