लॉस एंजेलिस काउंटीतील अपहरणाचे खटले: कलम 207 आणि कलम 209

लॉस एंजेलिस काउंटीत अपहरणाचा आरोप कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कोणत्या कलमाखाली ठेवला जातो, यावरच शिक्षेचे स्वरूप बहुतांशी ठरते. कलम 207 खालील साध्या अपहरणाला 3, 5 किंवा 8 वर्षांचा तुरुंगवास आहे. पीडित 14 वर्षांखालील असल्यास हे आकडे सामान्यतः 5, 8 आणि 11 होतात. खंडणीसाठी किंवा जबरी चोरीसाठी केलेल्या अपहरणाला मात्र कलम 209 लागते आणि तेथे जन्मठेपच आहे. तीत पॅरोलची शक्यता असते, परंतु खंडणीच्या प्रकरणात पीडिताला इजा किंवा मृत्यू झाल्यास तीही मावळते.

जबरी चोरीच्या प्रकरणांत खरा वाद रंगतो तो पीडिताला किती अंतर हलवले यावर. दुकानदाराला नुसते मागच्या खोलीत ढकलले म्हणून 209 सिद्ध होतेच असे नाही, कारण हलवणे हे मूळ गुन्ह्याला केवळ आनुषंगिक नसावे आणि त्यामुळे पीडिताचा धोका वाढलेला असावा, हे तत्त्व राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये डॅनियल्स खटल्यात मांडले. जन्मठेपेची टांगती तलवार असलेल्या आरोपीने अशा वेळी कलम 207 खालील सौम्य गुन्हा कबूल करण्याची तडजोड स्वीकारली, तर त्यात नवल नाही. गंभीर गुन्हे पुन्हा करणाऱ्यांची शिक्षा वाढवणाऱ्या ‘थ्री स्ट्राइक्स’ कायद्याखालील नोंद मात्र त्यानेही टळत नाही.