घोरण्यासाठी आणलेली खळग्याची उशी : मान खूश, आवाज कमी, पण बॉक्सवर लिहिलंय तेवढं नाही

आधीच सांगते, घोरणारे आमचे हे आणि ऐकणारी मी, म्हणून रिव्ह्यू मी लिहितेय. त्यांना विचाराल तर "मी कुठं घोरालालो, जागाच होतो की" एवढंच उत्तर मिळेल. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला निघालो की रात्रभर आजूबाजूचे सगळे बर्थ जागे आणि सकाळी दादरला उतरताना हे एकटे फ्रेश. निदान पूर्वी फ्रेश तरी असायचे. गेल्या वर्षापासून सकाळी डोकं जड, दुपारी कारखान्यात खुर्चीतच डुलकी, आणि संध्याकाळी अक्कलकोट रोडवरनं गाडीवर येताना डोळा लागला असता असं एकदा स्वतःच बोलून गेले, तेव्हा मग मी डॉक्टरांकडे नेलंच.

तर उशी. मेमरी फोमची, एक कड उंच एक बुटकी, मधे डोकं बसेल असा खळगा. उंच कड बारा सेंटिमीटर, बुटकी दहा. नवी पेठेत एका दुकानात घेतली अठराशेला, जानेवारीत आमची गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा. ऑनलाइन अशाच आकाराच्या दीड हजारापासून दिसत होत्या, पण उशी हाताने दाबल्याशिवाय घेऊ नये हे माझं मत आहे, फोटोत सगळ्याच मऊ दिसतात. बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'घोरणे व स्लीप ॲप्नियापासून सुटका' (स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडायचा आजार) आणि खाली नासा टेक्नॉलॉजी. नासाचं खोटं नाहीये, हा फोम १९६६ मध्ये नासाच्या कामातूनच निघाला, पण तो विमानाच्या सीटसाठी, माणूस घोरायचा थांबावा म्हणून नाही. पण दुकानदार असं सांगत होता जणू अंतराळवीर हीच उशी घेऊन वर गेले.

पहिल्या दिवशी बॉक्स उघडला तर वास. औषधी, रबरासारखा, सासूबाई म्हणाल्या ही आधी बाहेर ठेव. आपल्याकडे गाद्या-उश्या गच्चीवर उन्हात टाकायची सवय असते, तसं हिला करायचं नाही हं, उन्हाने हा फोम पिवळा पडतो आणि पुढं भुगा व्हायला लागतो. सावलीत वाऱ्याला ठेवली, चार-पाच दिवसांत वास गेला. आतला फोम धुवायचा पण नाही. आणि नेहमीची अभ्रे हिला बसत नाहीत, सोबतचं कव्हर निसरड्या कापडाचं, घाम अजिबात शोषत नाही, शेवटी मी सुती कापड आणून चेनवालं शिवून घेतलं. वर एक टर्किश टॉवेल अंथरते कारण हे डोक्याला खोबरेल चोपडून झोपतात. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही.

आता कामाचं. कुशीवर झोपल्यावर उशी खरंच छान आहे. खांदा आणि कान यांच्यामधली जागा भरली जाते, मान खाली लोंबत नाही, वर ढकलली पण जात नाही. आधी हे दोन जाड उश्या एकावर एक ठेवून झोपायचे, त्याने काय व्हायचं की हनुवटी छातीला टेकायची आणि श्वासाची वाट अजूनच चेपायची. हे रुंद खांद्याचे म्हणून उंच कड, मी बारीक म्हणून मला बुटकी. दुकानात हे बघूनच घ्या, कुशीवर आडवं होऊन नाक आणि छातीचं मधलं हाड एका रेषेत येतंय का ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावा, लाजू नका. मानेचं दुखणं त्यांचं गेलं, हे ते स्वतः कबूल करतात, म्हणजे बघा. घोरणं कुशीवर असताना एकदम हळू, बाहेरच्या खोलीत झोपलेल्या सासूबाईंना ऐकू येत नाही इतकं.

पण माणूस रात्रभर कुशीवर राहतो कुठं! दोन-अडीचच्या सुमारास पाठीवर वळले की सुरू. उशीला मधे खळगा आहे, त्यात डोकं मस्त बसतं, म्हणजे उलट पाठीवर झोपायलाच ती बोलावते, हा माझा मोठा आक्षेप. मग मी पाठीमागे लोड लावायला लागले. डॉक्टरांनी बनियनच्या पाठीला खिसा शिवून टेनिस बॉल टाकायची जुनी युक्ती पण सांगितली होती, ते काही यांनी ऐकलं नाही.

आणि मुख्य गोष्ट जी बॉक्सवर कुठंच लिहिलेली नाही. मी मोबाईलवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड केला, उशी आणल्यावर. घर्र घर्र चाललंय, मग एकदम शांत. आपल्याला वाटतं बरं झालं, थांबलं. ती शांतता लांबत जाते, मग गुदमरल्यासारखा मोठा हिसका आणि परत घर्र घर्र. ती शांतता म्हणजे श्वास बंद असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, पाठीवर असलं की जीभ मागे पडते, वाट बंद होते, ऑक्सिजन खाली येतो, मग मेंदू दचकून जागं करतो, माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा जास्त श्वास अडला की तो एक धरतात, आणि तासाला असे किती अडले किंवा अर्धवट झाले त्यावर आजाराचं माप. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. उशी घ्यायच्या आधीच यांची टेस्ट झाली होती, घरीच, बोटाला क्लिप, नाकाला बारीक नळी, छातीला पट्टा. एकूण आकडा एकोणीस. पण रिपोर्टमध्ये वेगवेगळं दिलेलं होतं, पाठीवर एकतीस आणि कुशीवर आठ. डॉक्टर म्हणाले पाठीवरचा आकडा कुशीच्या दुप्पट किंवा वर असेल तर कुशीवर झोपून खरंच फरक पडतो, तुमच्यात पडेल, उशी घ्या की, पण उशी हे औषध नाही.

म्हणून म्हणते, ज्यांचा आकडा कुशीवर पण वीस-तीस आहे त्यांनी ही घेऊन काय करणार? आवाज थोडा कमी होईल, घरच्यांना वाटेल बरं वाटलं, आणि श्वास अडायचा तो अडतच राहील. शेजारच्या काकांना त्यांच्या मुलाने टेस्ट न करताच अशी उशी आणून दिलीये, बीपीच्या दोन गोळ्या चालू, गळा जाडजूड, बोलता बोलता सोफ्यावर झोपतात. काकू मला म्हणतात, "अगं आता घोरत नाहीत तेवढे." मी त्यांना सरळ सांगितलं, काकू आधी टेस्ट करा.

आमच्याकडे आता मशीन पण आलंय, मास्कमधून हवेचा दाब देतं तो सीपॅप, घशाची वाट उघडी ठेवतो. मशीनबद्दल वेगळं लिहीन कधी तरी, इथं उशीपुरतं एवढंच की मास्क लावून कुशीवर झोपलं की उंच कडेला मास्क घासतो, सरकतो आणि हवा फुस्स करून डोळ्यात जाते. मास्कसाठी बाजूला खाचा दिलेल्या उश्या वेगळ्या मिळतात, मशीन घ्यायचं ठरलेलं असेल तर थेट तीच बघा. आम्ही सध्या बुटकी कड वापरून भागवतोय.

अजून एक सोलापूरचं. हा फोम उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो. जानेवारीत पहाटे दगड, काय सांगू, आणि मे मध्ये ४३ डिग्रीला डोकं आत आत जातं, उंची निम्मी झाल्यासारखी वाटते आणि कानामागे नुसता घाम. वर जेल लावलेली कूल उशी म्हणून महागातली होती, मी दुकानात हात लावला तर थंड वाटली खरी, पण रात्री लाईट गेल्यावर ती किती वेळ थंड राहणार. उन्हाळ्यात हे परत सावरीच्या कापसाच्या जुन्या उशीवर गेले, ती दुमडून मानेखाली घेतात, पाठीला लोड तसाच. जूनमध्ये पाऊस पडला तशी फोमवाली परत काढली.

पाचात तीन स्टार. मानेसाठी असती तर चार दिले असते. टेस्टमध्ये ज्यांचा पाठीवरचा आणि कुशीवरचा आकडा लांब लांब आलाय त्यांनी घ्या, सोबत लोड लागेलच. बिल जपून ठेवा, एकदा कव्हरची चेन उघडली की दुकानदार परत घेत नाहीत, मला आधीच बजावलं होतं.